पूजेला बसलेला साचा

"थांबतंय. थांबतंय बघ," परशराम म्हणाला आणि त्यानं वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

येळ्ळूरच्या रस्त्यानं ते हिरवं धूड येत होतं. पुढं रुंद बकेट, मागं विंचवाच्या नांगीसारखा दुमडलेला लांब हात, अंगावरचे मिलिटरीचे पांढरे आकडे अर्धवट खरवडलेले. लष्करानं काढून टाकलेलं, लिलावात विकलेलं खोदायचं मशीन होतं ते. परशरामच्या शेडसमोर आल्यावर ते हळू झालं. परशरामनं फडक्याला हात पुसले, टोपी नीट केली आणि चेहऱ्यावर जरा वैताग आणला, कारण चांगल्या कारागिरानं गिऱ्हाइकाला बघून लगेच हसू नये असं त्याचं मत होतं. मशिनचं पुढचं चाक स्पीडब्रेकरवरून उतरलं, मग मागचं उतरलं, आणि मशीन तसंच पुढं जाऊन पलीकडच्या बाजूच्या 'भावकू इंजिनिअरिंग वर्क्स'च्या फाटकात वळलं.

"स्पीडब्रेकरला थांबलं ते," चहा घेऊन आलेली जयाबाई म्हणाली. "तुमाला न्हाय."

बायकोचं हे बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. तो स्पीडब्रेकर परशरामनंच पंचायतीच्या मागं लागून घालून घेतला होता. गाडी हळू झाली की नजर आपल्या पाटीवर पडणार, हा त्यामागचा डाव. नजर पडत होती. गाड्या भावकूकडं जात होत्या.

परशराम आणि भावकू दोघंही येळ्ळूरचे, एकाच वर्षी शाळा सोडलेले. तरुणपणी दोघं बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली फिटर होते. पुढं दोघांनी मिळून ही शेड घातली. नांगराचे फाळ, ट्रॉल्या, बोअरचे पाईप, खोदायच्या मशिनचे दात आणि बकेटं, लोखंडाचं जे मोडेल ते दोघं जोडत. आठ वर्षांमागं भावकू म्हणाला, आपण कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन घेऊ. परशराम म्हणाला, डोळ्यात माप असताना कॉम्प्युटर कशाला. भावकूनं दोन महिने समजूत घातली आणि मग रस्त्यापलीकडं वेगळं दुकान टाकलं. निघताना त्यानं ऐरणसुद्धा मागितली नाही.

भांडून वेगळे झाले असते तर किती बरं झालं असतं! चारचौघांत शिव्या देता आल्या असत्या. पण भावकूनं त्याचं काहीच वाईट केलं नव्हतं, आणि परशरामला नेमकं तेच सहन होत नव्हतं. भावकूच्या पाटीवर कन्नड, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही अक्षरं एका रंगात, एका मापात होती. परशरामच्या पाटीवर मराठी होतं आणि वर नंतर ठोकलेली कन्नडची पट्टी, तीही जरा तिरकी. भावकूकडचा चहा काचेच्या पेल्यात येई. भावकूच्या फाटकात कुत्रंसुद्धा चांगल्या जातीचं होतं. परशराम त्या कटिंग मशिनला 'शिवणयंत्र' म्हणायचा, आणि ते सुरू झालं की त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून स्वतःचा ग्राइंडर उगीच चालवायचा.

एका गोष्टीत मात्र भावकू आपल्याला कधीच गाठणार नाही अशी त्याची खात्री होती. ती गोष्ट त्याच्या शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. जाड पत्र्याचा, वीतभर रुंद आणि हातभर लांब, गंजून काळा पडलेला एक साचा. दोन गोल भोकं आणि एका बाजूला पालीच्या पाठीसारखा बाक. नव्या गिऱ्हाइकाला परशराम आधी तो दाखवायचा, मग कामाचं विचारायचा.

"कॅम्पात हुतो तवाची गोष्ट," तो सुरू करायचा. "मिलिटरीच्या मशिनचं बकेट तुटलं. माप कुणाला घावंना. एक पिन आत दडलेली, टेप पोचतच न्हाय. मी म्हटलं, सरका बाजूला. डोळ्यानं माप घेतलं, पत्रा कापला, लावला. केसाचा फरक न्हाय!"

पहिली काही वर्षं या गोष्टीच्या शेवटी वर्कशॉपवरचा सुभेदार नुसतं 'शाब्बास' म्हणायचा. मग तो पाठ थोपटायला लागला. अलीकडं तो खाडकन सॅल्यूट ठोकत असे.

आणि आज जे मशीन भावकूच्या फाटकात शिरलं होतं, ते त्याच जातीचं होतं.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस रस्ता ओलांडून आला.

"नमस्कार री अण्णा. मी कुंथुनाथ. निपाणीच्या खालच्या अंगाला आमची शेती हाय. ते हिरवं मशीन माझं."

"बगितलं," परशराम म्हणाला. "बरं हाय."

जयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. कुंथुनाथनं हात जोडले आणि पिशवीतली उकळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली काढून दोन घोट घेतले. मग त्यानं अडचण सांगितली. मशिनबरोबर आलेलं मागचं बकेट होतं तीन फुटी. त्याला नदीवरून शेतापर्यंत पाइपासाठी चर मारायची होती, आणि ती चर तीन शेजाऱ्यांच्या बांधावरून जाणार होती.

"दीड फुटाच्या वर एक बोट जागा देत न्हाईत ओ. महिन्याभरात ऊस लावत्यात, मग पुढच्या वर्सापातूर वाट बंद. म्हणून अरुंद बकेट आणलं बाजारातनं. तर ते ह्या मशिनच्या हाताला बसंना. भोकांचं अंतरच येगळं. मधी एक जोड घडवाय पायजे म्हणत्यात भावकूअण्णा. दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायचंय मला."

"मग घडवू दे की त्याला. कॉम्प्युटर हाय त्याच्याकडं."

"ते म्हणाले, ह्या मशिनचं माप एकट्या परशरामकडं हाय."

परशरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठ वर्षांत पहिल्यांदा पलीकडच्या दुकानाचं त्याच्यावाचून अडलं होतं. त्यानं भिंतीवरच्या साच्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतका तो खूश झाला.

"त्यालाच पाठवा," तो म्हणाला. "ज्याला पायजे त्यानं येऊन मागावं."

कुंथुनाथ गेला, आणि परशराम वाट बघू लागला. रोज सकाळी धुतलेला सदरा घालायचा. भावकू येणार, चार माणसांसमोर मागणार, आपण जरा वेळ लावून देणार, असं सगळं त्यानं मनात ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. भावकू येईना. तेव्हा त्याच्या न येण्याचाही परशरामला राग यायला लागला.

भावकू आला तो खंडेनवमीला.

सकाळी जयाबाईनं शेड झाडून फळीवर हत्यारांची पूजा मांडली होती. घण, सांडशी, होल्डर, ग्राइंडर, गॅसकटर, सगळं धुऊनपुसून, झेंडूची फुलं आणि उसाची दोन कांडी लावून. पूजा करून ती नैवेद्य आणायला आत गेली आणि परशरामला पलीकडच्या फाटकातून बाहेर पडणारा भावकू दिसला. एकटाच होता. चालताना डावा पाय जरा ओढत होता. तो इकडंच येत होता.

इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण आला, आणि परशरामच्या लक्षात आलं की आपल्याला साचा द्यायचाच नाही. भावकूनं मागायला यावं, हे हवं होतं. पण तो घेऊन जाईल, मशीन नीट होईल, कुंथुनाथ पेढे वाटेल आणि पाटी तर भावकूचीच वाचली जाईल, हे त्याला बघवणार नव्हतं. त्यानं झटक्यात साचा खिळ्यावरून काढला, फळीवर घण आणि सांडशीच्या मधे आडवा ठेवला, करंड्यातलं सगळं कुंकू तांब्यातल्या पाण्यात कालवून तळव्यानं त्याच्यावर फासलं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं.

"परशा, आलो रं," दारातून भावकू म्हणाला.

"ये की. परसाद घे."

भावकूनं पेढा घेतला. तो हातातच ठेवून म्हणाला, "एक काम हुतं. तो साचा दोन दिसांसाठी देतोस काय? उद्या मशीन न्यायचंय म्हणतोय तो मानूस."

परशरामनं फळीकडं हात केला. "पूजेला बसलाय की. उद्या सांजचं सोनं लुटून आलो की घेऊन जा."

भावकूनं फळीकडं बघितलं. साच्यावरून कुंकवाचा ओघळ अजून फळीवर उतरत होता. मग त्यानं परशरामच्या उजव्या तळव्याकडं बघितलं. तो मनगटापर्यंत लाल होता.

"बरं," भावकू म्हणाला. "पूजेला बसलेलं उठवू न्हये."

त्यानं चपला काढल्या, फळीला वाकून नमस्कार केला, पेढा तोंडात टाकला आणि आला तसा पाय ओढत गेला.

नैवेद्याचं ताट घेऊन आलेल्या जयाबाईनं फळीकडं एकदा आणि नवऱ्याकडं एकदा बघितलं. "हे हितं नव्हतं."

"हुतं."

"पूजा मी मांडलीया." तिनं ताट ठेवलं. "त्या वर्सी नवमीलाच ट्रॉली उलटली, मानसाचा पाय खाली घावला, तवा गॅसकटर पूजेतनंच उचलून पळालतासा. तवा देव कोपला न्हाय?"

"तवा मानूस अडकलाता."

"आता बी अडकलाय की," जयाबाई म्हणाली, आणि कोण ते न सांगता चुलीकडं गेली.

नऊ दिवसांच्या उपासानंतरचं नवमीचं मटण होतं. परशरामनं पहिला घास मोठ्या चवीनं घेतला. आज जिंकलो, असं मनाला दोनदा सांगितलं. तिसऱ्या घासाला त्याचं लक्ष रस्त्यापलीकडं गेलं, आणि तो हात न धुताच दारात येऊन उभा राहिला.

भावकूच्या आवारात त्याचं कटिंग मशीन हार घालून गप्प बसलं होतं. त्यानं एकही हत्यार उठवलं नव्हतं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि घरातली कात्री घेऊन तो त्या हिरव्या हाताखाली उताणा पडला होता. पुठ्ठा कापायचा, लावून बघायचा, फेकायचा, दुसरा घ्यायचा. आत दडलेली ती पिन दिसावी म्हणून त्यानं बॅटरी दातात धरली होती. थोड्या वेळानं जबडा दुखला की ती काढायची, तोंड पुसायचं, परत धरायची.

परशरामला ते बघून आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला उगीच वाटत राहिलं की इथं कुणीतरी बॅटरी धरायला हवं. असं का वाटतंय ते त्याला कळेना. तो आत जाऊन जेवला, पण मटण बेचव लागलं.

दसऱ्याच्या सकाळी भावकूनं लवकर पूजा उठवली. त्याचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. परशरामनं ग्राइंडर चालवला नाही. त्याची हत्यारं संध्याकाळपर्यंत बसलेली होती, तसं त्यानंच सांगितलं होतं. तो ऐकत बसला.

दुपारी जयाबाई फळीवरची सुकलेली फुलं काढत होती. साच्यावरचं वाळलेलं कुंकू फळीला चिकटेल म्हणून तिनं तो उचलला आणि ओल्या फडक्यानं पुसला. मग उजेडात नेऊन डोळ्यांजवळ धरला.

"अवो, ह्याच्यावर कायतरी लिवलंय."

"पंचवीस वर्सं बघतोय मी. काय न्हाय त्याच्यावर."

"हाय. बगा की."

परशरामनं साचा घेतला. वरचं कुंकू पुसलं गेलं होतं. पण पत्र्यात पंचनं ठोकलेले बारीक ठिपके होते, गंजानं आणि ग्रीसनं कधीच बुजलेले, आणि त्या ठिपक्यांत कुंकू बसलं होतं. ठिपक्यांची लाल अक्षरं झाली होती. 'भावकू. १९९९.'

ती अक्षरं भावकूच्या हातची नव्हती. 'क'ची शेपटी उलट्या बाजूला वळलेली होती, आणि 'क' असा उलटा काढल्याबद्दल शाळेत छड्या खाल्लेला येळ्ळुरात एकच माणूस होता. ती अक्षरं परशरामनं स्वतः ठोकली होती.

मग सगळं आठवलं. लाईट गेलेली दुपार. मशिनखाली उताणा पडलेला भावकू. पत्रा कापणारा, घासणारा, परत कापणारा भावकू. आणि त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसून, हात अवघडेपर्यंत बत्ती धरलेला परशराम. साचा बसल्यावर आनंदानं पंच आणि हातोडी घेतली ती परशरामनंच. भावकू लाजून नको म्हणत होता. तेव्हा परशराम म्हणाला होता, "नाव घालूया रं. न्हाईतर उद्या कोनतरी म्हनंल, म्या केला."

आणि ते कोणीतरी आपणच निघालो! केव्हा खोटं बोलायला सुरुवात केली, हेसुद्धा त्याला आठवेना. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा 'आम्ही' असं म्हटलं असणार. आम्हीचं मी कधी झालं? भावकू शेजारी उभा राहून ती गोष्ट कितीतरी वेळा ऐकत होता. हसत असे. एकदाही बोलला नाही. काल आपलीच वस्तू दोन दिवस उसनी मागून गेला, तेव्हाही नाही.

परशराम साचा मांडीवर घेऊन बसून राहिला.

चारच्या सुमाराला ते मशीन परत रस्त्यावर आलं. पुढं आंब्याची पानं, झेंडूचा हार. मागच्या हाताला अरुंद बकेट, आणि हात आणि बकेट यांच्यामधे जोडाचा नवा चकचकीत तुकडा. मशिनच्या पायरीवर भावकू उभा होता; हायवेवर ट्रेलर लागला होता, तिथंवर तो सोडायला निघाला होता. मशीन शेडसमोर हळू झालं. स्पीडब्रेकर ओलांडला, आणि या वेळी मात्र थांबलं.

कुंथुनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला.

"झालं ओ अण्णा! उद्या चर सुरू. तुमचा तो साचा तेवढा दाखवा की, न बघता जाऊ नये वाटलं. भावकूअण्णा रोज सांगत्यात. मिलिटरीत कुणाला माप घावलं न्हाय, आमच्या परशानं डोळ्यानं कापला म्हणून. त्या सुभेदारानं म्हणं सॅल्यूट ठोकला."

सॅल्यूटसकट! परशरामनं भावकूकडं बघितलं. भावकू पायरीवरून उतरून जोडाच्या पिनेजवळचं जादा ग्रीस बोटानं काढत होता. मान वर करत नव्हता.

परशरामला तेव्हा रडू यायला हवं होतं, पण आला तो हेवाच, आणि आजवरचा सगळ्यात मोठा. कॉम्प्युटर ह्याचा, काचेचे पेले ह्याचे, गिऱ्हाईक ह्याचं. आता मोठं मनसुद्धा ह्यानंच ठेवायचं? आपल्यासाठी काहीच शिल्लक ठेवणार नाही का हा माणूस? साचा त्याच्या हातात होता, अक्षरं छातीकडं. तसाच लांबून दाखवला असता तर कुंथुनाथ वाहवा करून निघून गेला असता. भावकू जन्मात बोलला नसता.

त्यानं साचा उलटा केला आणि कुंथुनाथच्या हातात दिला.

कुंथुनाथनं चष्मा वर करून अक्षरं लावली. "भावकू," तो वाचून म्हणाला, आणि गोंधळून दोघांकडं बघायला लागला.

"त्यानंच कापलाय," परशराम म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी नुसती बत्ती धरलती."

भावकूचं ग्रीस पुसणारं बोट थांबलं.

"आनि सुभेदार?" कुंथुनाथनं विचारलं.

"च्या दिलाता त्यानं. दोघांत एक कप."

मग भावकू आला, कुंथुनाथच्या हातातला साचा घेतला आणि बकेटाजवळ जाऊन नव्या जोडाच्या अंगाला लावला. दोन्ही भोकं भोकांवर बसली. बाक बाकाला मिळाला. मधून नख गेलं नसतं. पुठ्ठ्यावर, दातात बॅटरी धरून कापलेलं माप!

"तूच ठेव," साचा परत देत भावकू म्हणाला. "माझं माप आता कॉम्प्युटरात घातलंय." मग पायरीवर चढताना थांबून म्हणाला, "काल बत्ती धराय कोन नव्हतं. जबडा दुखलाय लई."

मशीन गेलं. संध्याकाळी सोनं लुटायला जाण्याआधी परशरामनं साचा टांगायला घेतला. नेहमीच्या भिंतीवर नाही. त्यानं दर्शनी खांबाला, रस्त्याकडच्या बाजूला, नवा खिळा ठोकला.

"कुक्कू पुसून देऊ काय?" जयाबाईनं विचारलं.

"राहू दे."

बेळगावहून येणारी एक मोटरसायकल स्पीडब्रेकरला हळू झाली. चालवणाऱ्यानं खांबावरची लाल अक्षरं वाचली, पलीकडच्या पाटीकडं बघितलं आणि पुढं गेला. परशरामला ते मुळीच आवडलं नाही. तो खांबाजवळ गेला, साच्याला हात लावला, तो जरा तिरका झाला होता तो सरळ केला, आणि अक्षरं रस्त्याकडंच ठेवून आत आला.